तळ्याकडे पाठ करून

आमच्या शाळेच्या व्हरांड्यातून बिराजदार सर चालत निघाले की वाटेतला एकेक वर्ग गप्प होत जायचा. मी मराठी शिकवायचे. माझ्या तासाला गोंगाट असायचा आणि खरं सांगायचं तर मला तो आवडायचा. पण मधेच सगळी पोरं एकदम पुस्तकात डोकं घालायची, आणि दाराकडे न बघताही मला कळायचं की सर गेले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कपाळावर विभूती, हातात छडी. मारण्यावर बंदी आली तरी छडी हातातून गेली नाही. फळ्यावरचा त्रिकोण दाखवायला लागते, असं ते मुख्याध्यापकांना सांगत. त्रिकोण दाखवताना ती फळ्यावर अशी बसायची की पहिल्या बाकावरची पोरं डोळे मिटून घ्यायची.

गणिताचा निकाल मात्र नेहमी वरचा. आईबाप स्वतः येऊन सांगायचे, सर, ह्याला सोडू नका. "भीती असली की डोकं चालतं," हे सरांचं ठरलेलं वाक्य होतं. मी म्हणायचे, सर, माझं तर भीतीनं डोकं बंद पडतं. त्यावर ते म्हणत, म्हणूनच तुम्ही मराठी घेतलं. शिक्षकखोलीत त्यांच्याशी असं बोलायची हिंमत दुसरं कुणी करत नसे, त्यामुळे की काय, पण आमचं बरं जमायचं. राहायलाही आम्ही एकाच कॉलनीत होतो, भिंतीला भिंत लागून.

त्यांच्या निरोप समारंभात दहावीच्या वर्गातर्फे एका मुलीनं बोलायचं होतं. भाषण मीच लिहून दिलं होतं, तिचं चांगलं पाठही झालं होतं. ती माइकपाशी गेली, समोरच्या खुर्चीतल्या सरांकडे तिची नजर गेली आणि एकही शब्द तिला आठवेना. थोडा वेळ तशीच उभी राहिली, वाकून नमस्कार केला आणि पळाली. सगळे हसले. सरही हसले. मग त्यांनी गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला आणि समारंभ संपेपर्यंत त्यातली शेवंतीची फुलं एकेक करून सोडवत बसले. त्यांना लागलं होतं. मी शेजारीच बसले होते, मला ते दिसत होतं.

आमच्या कॉलनीच्या मागे शाळेच्या संस्थेचीच जुनी दगडाची खाण होती. दगड काढणं कधीच बंद पडलेलं, खड्ड्यात पाणी साठून त्याचं तळं झालेलं, तरी आम्ही त्याला खाणच म्हणायचो. एका वर्षी त्यात शेवाळ आणि पाण्यातलं गवत इतकं माजलं की डासांनी कॉलनीला फोडून काढलं. तेव्हा संस्थेनं कुणाच्या तरी सल्ल्यानं त्यात गवत्या माशाची पिल्लं आणून सोडली. गवत्या म्हणजे नावाप्रमाणे गवत खाणारा मासा, लांबट, मोठ्या खवल्यांचा, पाठीकडे काळपट हिरवा. त्यांनी गवत खाऊन संपवलं आणि सगळे त्यांना विसरून गेले. साठलेल्या पाण्यात त्यांची पैदास होत नाही. सोडले होते त्यांतले जगले तेवढे राहिले आणि वाढत गेले. पाण्यावर काही तरंगताना दिसलं की अलगद वर यायचे आणि तोंड उघडायचे. खालचं गवत संपलेलं, बिचारे दुसरं काय करणार?

निवृत्तीनंतर सर तिथं गळ घेऊन बसू लागले तेव्हा कॉलनीला बोलायला विषय मिळाला. सर लिंगायत, घरात अंडंसुद्धा शिजत नाही. पण त्यांचं लहानपण सीमेपलीकडच्या कानडी मुलखात, नदीकाठच्या गावात गेलं होतं. तिथं शेजारच्या भोयांच्या पोरांबरोबर ते गळ टाकायला शिकले आणि वडिलांचा मार खाऊन ते सोडलं. आता मारणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांच्या पत्नी शांताक्का शेजारणींना सांगायच्या, सर माशांना भाकरी घालायला जातात. ते खोटंही नव्हतं. गळाबद्दल त्या बोलत नसत, आणि सर परत आले की मागच्या नळाखाली अंघोळ केल्याशिवाय त्यांना घरात घेत नसत.

मी आधी कुंपणावरून बघायचे, मग जवळ जाऊन बसू लागले. गवत्या भलताच सावध मासा. सर काठापासून मागं, आपली सावली पाण्यावर पडणार नाही असे बसत. शांताक्कांनी थापलेली कडक भाकरी, आपल्याकडची ती पापडासारखी वाळवलेली ज्वारीची, तिचे तुकडे ते आधी नुसतेच पाण्यावर फेकत. कडक भाकरी भिजली तरी बराच वेळ तरंगत राहते. दोऱ्याला वजन नाही, तरंगायला बूच नाही. मासे वर येत, एक तुकडा हुंगून सोडत, दुसरा चाखून बघत. ते बिनघोर खायला लागले की मग गळाला लावलेला तुकडा त्यांच्यामध्ये जाऊन पडे. इथंच सगळे चुकतात, असं सर सांगायचे. माशानं तोंड उघडलं की लोक ओढतात. त्यानं तोंड मिटून खाली वळेपर्यंत थांबायचं असतं. आणि गळाला लागला की तो मुकाट्यानं काठापर्यंत येतो, माणसाला वाटतं झालं, आणि नेमका तिथं असा उसळतो की दोरा तुटतो. म्हणून काठाशी आला की दोरा सैल सोडायचा. गळाचा उलटा काटा त्यांनी पकडीनं दाबून सपाट केला होता. मासा ओल्या पंच्यात धरायचे, गळ काढायचे आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचे.

वर्गात उत्तराला क्षणभर उशीर झाला की ज्यांची छडी आपटायची, ते सर एका माशाचं तोंड मिटायची वाट बघत बसलेले पाहून मला फार गंमत वाटायची. मी तसं म्हटलंही. ते रागावले नाहीत. "तो उत्तर देणारच आहे बाई," म्हणाले, "घाई मलाच असते."

पुढे एकदा एका माशानं काठाशी हिसडा दिला आणि त्याचा वरचा ओठ एका बाजूनं फाटला. सरांनी त्याला पाण्यात सोडलं, पण तो मासा नंतर कितीतरी दिवस वर आलाच नाही. बाकीचे खात असायचे आणि तो खाली, अंधारात, नुसता फिरताना दिसायचा. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी गळ आणि दोरा माळ्यावर टाकला आणि नुसतीच भाकरी घालायला जाऊ लागले. कधी भाकरी, कधी बैलाला घालतात तसलं ज्वारीचं ओलं कडवळ, कधी मेथीघास. हळूहळू त्यांनी एक पद्धत बसवली. काठावर उकिडवं बसायचं, तळहातानं पाणी थापटायचं आणि म्हणायचं, "बर्री, बर्री." कानडीत हे आदरानं बोलावणं, या, या म्हणतात तसं. ज्या माणसानं जन्मभर पोरांना गाढवाशिवाय हाक मारली नाही, तो माशांना अहोजाहो करत होता! आणि मासे यायचे. सावलीची भीती गेली, हाताची गेली, त्यांच्या बोटांतून घासाची काडी ओढून घ्यायला लागले. खाताना त्यांच्या ओठांचा चपचप आवाज व्हायचा. शेवटी फाटक्या ओठाचाही आला. त्या दिवशी सरांनी माझ्या दाराची कडी वाजवून मला ही बातमी सांगितली आणि शांताक्कांनी सगळ्यांना शेंगाची पोळी खायला घातली.

त्याच सुमाराला त्यांनी मला नव्या पेठेतली एक गोष्ट सांगितली. ते बाजारात होते, समोरून त्यांचा एक जुना विद्यार्थी येत होता. मोठा बाप्या माणूस, दोन्ही हातांना दोन मुलं. सरांना बघताच तो मुलांना ओढत शेजारच्या बोळात शिरला. सरांनी त्याला ओळखलं होतं, हाकही मारणार होते. "मी त्याला काय केलं असतं बाई?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, काही नाही. ते पाण्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, भीती शिकवायला फारसं काही लागत नाही, उलटं शिकवायला मात्र मला रिटायर व्हावं लागलं.

मग संस्थेनं ठरवलं की खाण बुजवायची आणि त्यावर सभागृह बांधायचं. मासे एका ठेकेदाराला देऊन टाकले. त्याच्या माणसांनी जाळं टाकलं तर ते तळाच्या दगडांत अडकून फाटलं, आणि जे मासे घेरात आले ते जाळ्यावरून उड्या मारून गेले. तेव्हा कुणीतरी त्याच्या कानावर घातलं की हे मासे सरांच्या हाकेला काठाला येतात. वरून फेकजाळं टाकलं की झालं. ठेकेदार सरांच्या घरी आला, अदबीनं बोलला, पाया पडला. सरांनी नाही म्हणून सांगितलं. तो जाता जाता म्हणाला, "तुमी नका येऊ सर. पाणी थापटायचंच हाय न्हवं? ते आमी बी थापटतो की."

ते वाक्य सरांच्या डोक्यात बसलं. आपण ज्यांना विश्वास ठेवायला शिकवलं ते आता कुणीही थापटलं तरी येणार, तोंड उघडणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला खाणीवरून फटक्यांचा आवाज आला. मी धावत गेले. सर काठावर बसले होते. त्यांनी पाणी थापटलं, "बर्री, बर्री" म्हणाले, घास टाकला. मासे आले, नेहमीसारखे गर्दी करून. आणि सरांनी शेजारी ठेवलेली छडी उचलून सपकन पाण्यावर मारली. तीच शाळेतली छडी. एकाच्या पाठीवर बसलेली मी पाहिली. पाणी उसळलं, मासे खाली गेले. सर थांबले, पुन्हा थापटलं, पुन्हा बर्री. काही मासे पुन्हा आले. पुन्हा छडी.

मला संताप आला. मी जवळजवळ ओरडलेच, सर, हे काय चाललंय तुमचं?

"शिकवतोय," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या गालावर पाणी होतं, आणि ते खाणीतलं उडालेलं असावं असं मी स्वतःला सांगितलं.

हे रोज चाललं. शांताक्का भाकऱ्या थापायच्या, पण सरांच्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवायच्या. सगळ्यात हट्टी फाटक्या ओठाचा निघाला. बाकीचे यायचे थांबले तरी तो यायचा, फटका खायचा आणि परत यायचा. एवढ्या मुश्किलीनं शिकलेलं तो सोडायला तयार नव्हता. शेवटी तोही यायचा थांबला. मग ठेकेदार आला. त्याच्या माणसानं पाणी थापटलं, भाकरी टाकली, ज्वारीच्या लाह्या टाकल्या. पाणी हललं नाही. तो शिव्या देत निघून गेला. संध्याकाळी सर मला म्हणाले, सुटले बाई. सापडत नाहीत म्हटल्यावर आता कोण त्यांच्या नादाला लागतंय! त्यांचं असं साधं गणित होतं, आणि त्यांच्यासारखा माणूस एवढ्या सोप्या गणितात चुकला.

संस्थेला मासे नकोच होते, जागा हवी होती. आठवडाभरात खाणीवर पंप बसला.

पाणी उपसायला सुरुवात झाली आणि दगडांवर ओल्या रेघा उमटत खाली जाऊ लागल्या. उन्हाळा, वरून आपलं सोलापूरचं ऊन. सर दिवसभर काठावर टोपी घालून उभे असत. त्याच दिवसांत सिद्धाराम माझ्याकडे आला. हा जवळच्या वळसंग गावचा, आमच्याच शाळेचा जुना विद्यार्थी. नववीत असताना सरांच्या तासाला तो वर्गात कमी आणि खाणीच्या बाभळीत जास्त असायचा आणि त्यापायी नापास झाला होता. आता त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. "बाई, माझ्या शेततळ्यात पाणी हाय की," तो म्हणाला. "टेंपोत टाकी भरून आणतो, मासे जित्ते न्हेऊ. पर सरांना तुमीच सांगा. मला त्यांच्या म्होरं उभं ऱ्हायला न्हाय जमत."

मी सरांना सांगितलं. ते एकदम खाली बसले. मग उठले, संस्थेच्या सचिवांना भेटून आले. पाणी संपायच्या आत जे मिळतील ते न्या, असं सचिव म्हणाले. जाळं तर दगडांत चालणार नव्हतं. एकच रस्ता होता, पाण्यावर भाकरी आणि सपाट काट्याचा गळ, एकेक करून. सरांनी माळ्यावरून गळ काढला.

ते काठावर बसले आणि त्यांनी पाणी थापटलं. बर्री, बर्री. भाकरीचे तुकडे तरंगत होते. खाली गढूळ पाण्यात मासे आहेत हे कळत होतं, कारण एखादी पाठ चमकून जायची. ती जायची ती सरांपासून लांबच्या बाजूला. त्यांनी पुन्हा थापटलं की तिथलंही पाणी शांत व्हायचं. ते कितीदा थापटत राहिले! शेवटी शेवटी बर्री म्हणताना त्यांचा आवाज बसला होता. सिद्धाराम टाकी भरून टेंपोच्या आडोशाला उभा होता. मला कुणाकडेच बघवेना.

मग सर उठले. गळ माझ्या हातात दिला, पांढरा शर्ट दिसू नये म्हणून एका मोठ्या दगडामागे गेले आणि पाण्याकडे पाठ करून बसले. म्हणाले, थापटू नका. नुसती भाकरी टाका आणि गप्प बसा.

मी टाकली. ऊन कलायला लागलं तेव्हा एक तुकडा हलला. दगडामागून सरांनी विचारलं, "आला का?"

मी म्हटलं, आला. ओठ फाटलेला आहे.

 सर हळू आवाजात म्हणाले, गळ टाका. तोंड उघडू दे. मिटलं? खाली वळला? "आता," ते म्हणाले, आणि मी हात उचलला. मासा मुकाट्यानं आला, काठाशी उसळला, आणि मी दोरा सैल सोडला, कारण दगडामागून तसं कुणीतरी सांगत होतं. सिद्धारामनं ओल्या पोत्यात धरून त्याला टाकीत घातलं. सरांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्याला मी दिसायला नको, एवढंच म्हणाले.

तो एकच. दुसऱ्या दिवशी पहाटे उरलेल्या गढूळ पाण्यावर बाकीचे सगळे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. पाण्यात हवाच उरली नव्हती. ठेकेदाराची माणसं घमेली घेऊन खाली उतरली. सर घरातून बाहेर आले नाहीत. त्या दिवसापासून त्यांच्या हातात छडी मी कधी पाहिली नाही, आणि त्याचा मला आनंद झाला असं काही म्हणता येणार नाही.

आदल्या दिवशी अंधार पडल्यावर त्या एका माशाला वळसंगला नेलं, तेव्हा टाकीपाशी मला बसवलं होतं. सर पुढे सिद्धारामच्या शेजारी बसले, आणि सबंध वाटेत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर सर एसटीनं वळसंगला जात राहिले.

पावसाळा संपता संपता सर आणि शांताक्का मुलाकडे हुबळीला कायमचे राहायला जायला निघाले. जाण्याआधी सरांबरोबर मीही एकदा शेततळ्यावर गेले. सरांनी पिशवीतून भाकरी काढली, तुकडे पाण्यावर टाकले आणि लगेच मागं फिरून लिंबाखाली जाऊन बसले. तळ्याकडे पाठ करून. आम्हाला बघून सिद्धाराम पंपाच्या शेडमागे गेला होता, त्याच्या चपला तेवढ्या बाहेर दिसत होत्या.

बऱ्याच वेळानं सरांनी विचारलं, "आला का?"

फाटका ओठ पाण्याबाहेर आला होता. मी म्हटलं, आला.

"खातोय?"

"खातोय."

त्यांनी मान हलवली, पिशवीची घडी घातली आणि उठले. एसटीला अजून वेळ आहे, असं मी म्हणाले. मी गेलो की पोटभर खाईल, असं ते म्हणाले. मग शेडकडे बघून जरा थांबले.

"सिद्धारामला सांगा, रोज भाकरी टाकत जा म्हणावं. आणि मी निघालो म्हणावं." छत्री उघडता उघडता ते हळूच म्हणाले, "आता बाहेर बर्री म्हणावं."

ते बांधावरून रस्त्याकडे चालू लागले. मी निरोप दिला, आणि सिद्धाराम शेडमागून बाहेर आला तोवर सर बाभळींच्या पलीकडे गेले होते.